ताडोबा: चार सफारी, एक अस्वल आणि वाघाचा अर्धा कान

सुरपारंबी | रविवार, रात्री ९:५०

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताडोबाला जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबांचं वय ७३, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं ते करून घेत नाहीत. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून टॅक्सीने मोहर्ली. चार सफारी केल्या, दोन कोअरमध्ये (म्हणजे जंगलाच्या गाभ्यात) आणि दोन बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात). आल्यापासून सोसायटीत, ऑफिसात, फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न: "वाघ दिसला का?" मी म्हणते, "दिसला... म्हणजे कान दिसला." मग समोरचा असा चेहरा करतो, जणू आमच्या घरी चोरी झाली आणि तो भेटायला आलाय.

धागा काढायची कारणं दोन. एक तक्रार आणि एक कौतुक. आधी तक्रार उरकते.

दुसरी सफारी. गेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ड्रायव्हर-गाईडचं तर नाहीच. आम्ही पाणवठ्याशी थांबलो होतो. अर्जुनाच्या आडव्या फांदीवर मत्स्यघुबड बसलं होतं, दिवसाढवळ्या, आम्हाला बघून न बघितल्यासारखं करत. लेक दुर्बिणीतून त्याच्या पापण्या मोजत होती. तेवढ्यात समोरून आलेल्या जिप्सीच्या ड्रायव्हरने हाताने कसलीशी खूण केली आणि आमची गाडी जी सुटली! ताशी २० किलोमीटरच्या पाटीसमोरून आम्ही किती वेगाने गेलो ते मला विचारू नका, काटा बघायला डोळे उघडे असावे लागतात. बाबांची टोपी गेली. चष्मा जाता जाता नवऱ्याने पकडला. एका खड्ड्यात बाबा सीटवरून वीतभर उडाले आणि आपटले, त्यांची कंबर पुढे दोन दिवस धरली होती. मी "हळू, हळू" ओरडत होते. गाईड मागे वळून म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटं सहन करा, साईटिंग आहे."

पोचलो तर रस्त्यावर जिप्स्यांची रांग. लेकीने मोजल्या, आमची धरून अठरा. सगळे सीटवर चढून उभे, आणि "शूऽऽऽ" म्हणणाऱ्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. बांबूच्या बेटात, कुणी बोट दाखवलं तर दिसेल असा, अर्धा कान. तो एकदा हलला. मग नाही हलला. मग तिथे नुसता बांबू होता. "झालं ना साईटिंग?" गाईडने विचारलं. बाबा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "झालं. पुढच्या खेपेला दुसरा कान दाखवा."

मोबाईल गेटवरच जमा होतो, त्यामुळे फोटो नाही. पुरावा म्हणून लेकीच्या वहीतलं चित्र आहे: बांबूच्या रेघा, त्यात काळा अर्धगोल आणि मधोमध एक पांढरा डोळा. डोळा काही आम्हाला दिसला नव्हता, पण नऊ वर्षांच्या चित्रकाराशी कोण वाद घालणार.

आता कौतुक. तिसरी सफारी, बफर. ("बफरमध्ये काय असतं" असं हॉटेलातल्या एका गृहस्थांनी आम्हाला ऐकवलं होतं.) गाईड तिथल्याच गावचा, पस्तिशीचा असेल. गाडीत बसतानाच त्याने बाबांना मधल्या सीटवर घेतलं. मागच्या सीटला दणके जास्त लागतात, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "तुम्हाला काय पाहायचं आहे?" लेक म्हणाली, "जे असेल ते." तो हसला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "मग निवांत घे."

अर्ध्या तासाने त्याने गाडी थांबवली. इंजिन बंद. आजूबाजूला काहीही नाही, वाळलेला साग आणि पाचोळा. आम्ही एकमेकांकडे बघतोय. तो म्हणाला, "ऐका." मला फक्त सातभाई पक्ष्यांची कलकल ऐकू येत होती. तो म्हणाला, "त्याच्या खाली ऐका." आणि मग ऐकू आलं. कुणीतरी लांब बसून जोरजोरात नाक शिंकरावं तसं. फू, फू, आणि मग लांबलचक सुर्रर्र.

दहा-बारा मिनिटं काहीच झालं नाही. मग एका मोहाच्या झाडामागून अस्वल आलं. मादी. पाठीवर पिल्लू. ते पिल्लू आईच्या खांद्यावरच्या राठ केसांत मुठी खुपसून पालथं पडलं होतं, दुपारी आजीच्या अंगावर मूल पडतं तसं. मोहाखाली फुलं सांडलेली होती, पिवळट, मणी ओतल्यासारखी, आणि त्यांचा गोड-आंबूस वास गाडीपर्यंत येत होता. अस्वलीण ती ओठांनी टिपत होती. मग ती वारुळाकडे वळली. पुढच्या पंजांनी दोन फटके मारले, तोंड भोकाला लावलं, फू करून माती उडवली आणि ओढलं. तोच आवाज. गाईड अगदी हळू आवाजात म्हणाला की तिला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ती वाळवी ओढते आणि माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेते. पिल्लाला वाळवीत रस नव्हता, ते आमच्याकडे बघत होतं.

पाऊण तास. दुसरी एक गाडीसुद्धा आली नाही. बाबा कमरेचं दुखणं विसरले. परत निघाल्यावर म्हणाले, "याचे पैसे वेगळे द्यायला हवेत."

तर प्रश्न असा, की पहिल्यासारखे गाईड टाळायचे आणि दुसऱ्यासारखे मिळवायचे कसे? काही मार्ग आहे का, की नशीब?

खडूस काका | रविवार, रात्री १०:१५

अर्धा कान म्हणजे काय, पन्नास टक्के सवलत मागायची होती.

लेन्सकॅप | रविवार, रात्री ११:०२

छान लिहिलंय. पण दुसरी बाजू मांडतो. मी वर्षातून दोनदा जातो, कॅमेऱ्याची वेगळी फी भरतो. माझ्यासारख्याला वाघ बघायचाच असतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे? कोकणात जाऊन समुद्र नाही दिसला तर चालेल, असं कुणी म्हणत नाही. जंगलाचा आनंद, पानाफुलांचा आनंद वगैरे सगळं खरं, पण ताडोबात लोक वाघासाठी येतात, म्हणून त्या गावांमध्ये चार पैसे आले.

वेगाचं समर्थन करत नाही. फक्त वाघ बघायला आलेला प्रत्येक जण गावंढळ, असा सूर लागायला नको.

सुरपारंबी | रविवार, रात्री ११:२०

@लेन्सकॅप, मलाही वाघ बघायचाच होता हो! कानावर समाधान मानणारी संत मी नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गाडीत धावाधाव झाली तिच्यात कान मिळाला आणि जी थांबली तिच्यात पाऊण तास अस्वल मिळालं.

चांद्याचा पोट्टा | सोमवार, सकाळी ७:४०

ताई, वाचून मजा आली. मी भद्रावतीकडचा, आता चंद्रपुरात राह्यतो. आमचं मूळ गाव बफरच्या काठावर हाय. तुमच्या त्या अस्वलीच्या मोहाखाली सकाळी आमच्या काकूबी असतात, ते सांगाव वाटलं.

मोह पहाटे गळते. उन्हं चढली का फूल सुकते, जनावरं बी खाऊन जातात. म्हणून बाया चार-साडेचारलेच टोपले घेऊन निघतात. नेमकं तवाच अस्वल येते, त्याले बी मोह पायजेच. अन् वाकून फुलं वेचणारा माणूस मागून वाघाले चार पायाचं जनावर वाटते, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून कोणी एकटं जात नाही, बोलत, हाका मारत जातात. तुमी वाघ दिसावा म्हणून पैसे भरता, आमी दिसू नये म्हणून वरडत जातो. जंगल एकच हाय.

मोहाचं अजून एक. फुलं दिसावी म्हणून काही लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, अन् मंग वणवा लागते. आता गावागावात सांगून सांगून कमी झालं, बंद नाही झालं.

अन् तुमच्या बाबाले तारूची गोष्ट सांगतली का कोणी? ताडोबा तलावाच्या काठी देव हाय. तारू म्हणजे गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजता झुंजता मेला, त्याचा देव झाला अन् त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं. पुसात जत्रा भरायची, लोक बैलबंड्या घेऊन यायचे.

सुरपारंबी | सोमवार, सकाळी ९:०५

सांगितली, पण अशी नाही. आमच्या कोअरच्या गाईडने तलावाकडे बोट करून "ते मंदिर" म्हटलं आणि गाडी मगरीकडे नेली. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणतायत, रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसले होते ते कसले?

चांद्याचा पोट्टा | सोमवार, सकाळी ९:३०

गोंड राजाच्या काळचे म्हणतात. खांबाले भोकं हायेत, त्याच्यातून दोर ओवून घंटा बांधायचे अन् राजाची स्वारी येऊन राहिली ते पुढच्या चौकीले कळवायचे, असं सांगतात. त्या काळचं व्हॉट्सॲप.

निवृत्त बीटगार्ड | सोमवार, दुपारी १:१०

धागालेखिकेच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. माझी नोकरी भंडारा-गोंदियाकडच्या जंगलात गेली, पण गेटवरचा कारभार सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच.

गाईड तुम्ही निवडत नाही. गावातल्या मुला-मुलींची यादी असते, पाळी लागते, ज्याचा नंबर तो तुमच्या गाडीत. हे मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, नाहीतर चार बोलघेवड्यांना रोज काम आणि बाकीचे गेटवर बसून. ताडोबात आता बायकाही गाईड आहेत आणि मोहर्लीला त्यांना भेटलात तर भाग्य समजा, माझ्या अनुभवात त्यांचं लक्ष जास्त असतं. तेव्हा मिळवायचा मार्ग नाही. पण तुमच्या तिसऱ्या सफारीत जे घडलं त्याची सुरुवात गाईडने केली नाही, तुमच्या मुलीने केली. "जे असेल ते." हे वाक्य गाईडला महिन्यातून एकदा ऐकायला मिळत असेल.

त्याच्या जागी बसून बघा. गाईडची ठरलेली फी तुटपुंजी. वाघ दिसला तर पाचशेची नोट हातात पडते, नाही दिसला तर लोक मान फिरवून उतरतात. काही तर शिव्या देतात. "दोन हजार किलोमीटरवरून आलोय, तुम्हाला वाघ शोधता येत नाही?" असं म्हणणारा माणूस मी स्वतः बघितलाय. मग तो ड्रायव्हरला पळव म्हणणार नाही तर काय. दुसरं म्हणजे रूट ठरलेले असतात आणि गेटाबाहेर पडायची वेळ ठरलेली असते, उशीर झाला की दंड. साडेतीन-चार तासात वाघ "करून" द्यायचा म्हणजे बाकी सगळ्यावर फुली.

जागेचं गणितही लक्षात घ्या. ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, बफर ११०० च्या आसपास. पण गाभ्यात कुठेही फिरता येत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने बंदच केलं होतं. ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांसह: गाभ्याचा २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला द्यायचा नाही. म्हणजे सगळ्या गाड्या त्या तेवढ्या रस्त्यांवर. वाघ रस्त्यालगत बसला की अठरा जिप्स्या जमणारच.

आणि हे टोकाला गेलं की काय होतं, ते नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी बघितलं. ३१ डिसेंबर २०२४ ला पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. व्हिडिओ फिरले, गाईड-ड्रायव्हर निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाडीत बसून "आणखी पुढे घ्या" म्हणणारे मात्र घरी जाऊन जेवले असतील.

लेन्सकॅप | सोमवार, दुपारी २:४५

उमरेडचं काय बोलणार. तिथे मान खाली.

पण एक कबूल करतो. माझे सगळ्यात चांगले फोटो धावाधावीतले नाहीत. गेल्या मेमध्ये एका पाणवठ्यावर आम्ही दोन तास बसलो होतो, ४५-४६ अंशात, डोक्यावर ओला पंचा. गाईड म्हणाला होता, "सकाळच्या गाड्यांच्या टायरच्या खुणेवर वाघाचा पाय पडलाय, म्हणजे गाड्या गेल्यावर आलाय. पाणी प्यायलाय की नाही माहीत नाही, बसून बघू." इतर गाड्या आल्या, पाच मिनिटं थांबल्या, गेल्या. चार वाजता नर आला, वळला आणि पाठमोरा पाण्यात शिरला. शेपटीकडून, एक एक पाय मागे टाकत, घाट उतरणाऱ्या आजोबांसारखा. कमरेपर्यंत पाण्यात बसून राहिला.

तेव्हा टायर आणि ठसा यांची ही भानगड शिकून घ्या. ठशावर टायर असेल तर बातमी शिळी, टायरवर ठसा असेल तर ताजी.

मनीमाऊ | सोमवार, दुपारी ३:३०

जरा जमिनीवर येऊ का? चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांना घेऊन जावं का? मधे बाथरूमची सोय असते का? कुठल्या महिन्यात?

सुरपारंबी | सोमवार, दुपारी ४:१०

कोअरमध्ये एका ठरलेल्या ठिकाणी थांबा असतो, तिथे स्वच्छतागृह आहे. बाकी कुठेही गाडीतून उतरता येत नाही म्हणजे नाही. सकाळी निघताना चहा अर्धाच कप घ्या. चार वर्षांचं मूल तीन-साडेतीन तास गप्प बसेल का हे तुम्हालाच माहीत, आमची तिच्या चौथ्या वर्षी पाच मिनिटं बसली नसती. सासूबाईंना मधली सीट, पाठीला उशी, आणि बसल्या बसल्या ड्रायव्हरला सांगून टाका की खड्डे बघून घे, वाघ नाही दिसला तरी चालेल. आम्ही शहाणपण दोन सफारींनंतर शिकलो. चेहरा-डोकं झाकायला सुती ओढण्या घ्या, धुळीने केसांची दोरी होते.

बुकिंग संकेतस्थळावरून आधीच, आणि बुकिंगला दिलेलं तेच ओळखपत्र मूळ प्रत घेऊन. कोअर मंगळवारी बंद. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंदच असतो.

खडूस काका | सोमवार, संध्याकाळी ६:००

वाघ दिसायचा तर एप्रिल-मे, आणि माणसासारखं राहायचं तर नोव्हेंबर-डिसेंबर. मध्ये काही नाही. मेमध्ये चंद्रपूरला जाऊन "फार ऊन होतं" म्हणणाऱ्यांना माझी सहानुभूती नाही.

चांद्याचा पोट्टा | सोमवार, संध्याकाळी ६:२५

काका, आमी बाराही महिने तिथंच राह्यतो ना बापा :)

ऑक्टोबर-नोव्हेंबरात या, जंगल हिरवंगार असते. झाडाझाडाच्या मधात जायंट वूड स्पायडरचे जाळे, सोनेरी, चाकाएवढे. वाघ गवतात बसला तर दहा फुटावरून दिसत नाही, पण कोळी पाहाले रांग लागत नाही.

दूरदेशी | सोमवार, रात्री ११:४५

जोहान्सबर्गहून लिहितोय. आमच्याकडे क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी घेऊन आत जाता येतं, गाईड बंधनकारक नाही. डांबरी रस्त्यावर ताशी ५० ची मर्यादा, कच्च्यावर ४०. गाडीतून पाय बाहेर टाकायचा नाही, हा नियम इथेही तोच. रेस्ट कँपात मोठा नकाशा लावलेला असतो आणि कुणाला काय दिसलं त्याप्रमाणे लोक त्यावर रंगीत खुणा लावतात: हा रंग सिंहाचा, तो बिबट्याचा. सगळे सकाळी नकाशा बघून तिकडेच जातात. म्हणजे तुमच्या हाताच्या खुणेचा सरकारी अवतार.

क्रुगर जवळपास २० हजार चौरस किलोमीटर. ताडोबा कोअर-बफर मिळून त्याच्या दहाव्या हिश्शाएवढंही नाही. तरी सांगतो, स्वतः फिरलो त्या तीन दिवसांत मी हत्ती, जिराफ, झेब्रे, म्हणजे जे न शोधता दिसतं ते सगळं पाहिलं. चौथ्या दिवशी तिथल्या रेंजरबरोबर गेलो आणि ज्या रस्त्यावरून मी स्वतः दोनदा गेलो होतो, त्याच रस्त्यावर त्याने बिबट्या दाखवला. झाडावरून लोंबणारी शेपटी. मी ती फांदी समजून गेलो असणार. दोन्ही वेळा.

सुरपारंबी, तुमच्या "त्याच्या खाली ऐका" वर मी अडकून बसलोय.

निवृत्त बीटगार्ड | मंगळवार, सकाळी ८:२०

"त्याच्या खाली ऐका" हे खरं शिक्षण. आम्हाला आमच्या वेळी एका म्हाताऱ्या वनमजुराने शिकवलं, त्याचा हुद्दा आमच्याहून खालचा.

लोक कॉल-कॉल करतात, म्हणजे जनावरांचा धोक्याचा इशारा. चितळ ओरडलं की "वाघ!" म्हणून गाडी पळवतात. चितळ भित्रं. पान पडलं, कोल्हा गेला, बिबट गेला, कशालाही ओरडेल. एकदा ओरडून चरायला लागलं तर सोडून द्या. शेपटी उभी, पुढचा पाय आपटतंय, आणि कळपातली सगळी तोंडं एकाच दिशेला, मग थांबा. वानर वरून ओरडतं तेव्हा आवाज ऐकू नका, त्याची नजर बघा. टेहळणीवाला उंचावर असतो, त्याला वाघ दिसतो, तो त्याच्याकडेच बघत असतो. वाघ चालला की नजर सरकते. मी वानराच्या मानेवरून वाघाची चाल सांगणारे लोक बघितलेत. आणि सांबर. सांबर उगाच ओरडत नाही. तो "ढांक" एकदा ऐकलात की पुन्हा विसरत नाही, पोटात होतो.

आता गंमत अशी की हे सगळं इंजिन बंद असल्याशिवाय ऐकू येत नाही. धावणाऱ्या जिप्सीतला गाईड दुसऱ्या गाड्यांच्या हातवाऱ्यांवर जगतो. थांबलेल्या जिप्सीतला जंगलावर.

आणखी एक, कुणी सांगत नाही ते. नाकाचा उपयोग करा. वाघ झाडावर फवारा मारून हद्द आखतो, त्याला बासमती शिजवल्यासारखा वास येतो. भुकेच्या वेळी फार फसवतो.

लेन्सकॅप | मंगळवार, सकाळी ९:१५

बासमतीचं सोळा आणे खरं. मी एकदा "कुठे स्वयंपाक चाललाय" असं विचारलं होतं. ड्रायव्हर तीन दिवस हसत होता.

चांद्याचा पोट्टा | मंगळवार, सकाळी १०:५०

कॉलचं काका बरोबर बोलले.

एक गोष्ट मात्र इथं लिहितो, कारण वाघाचे फोटो पाहून पाहून लोकाले तो ओळखीचा वाटू लागते. त्याचं नाव ठेवतात, वाढदिवस करतात. माया वाघीण तुमी सगळ्यांनी ऐकली असन, ताडोबाची सगळ्यात लाडकी. गाड्यांच्या मधातून चालत जायची, कोणाकडे पाहाची नाही. नोव्हेंबर २०२१ मधे कोलारा भागात व्याघ्रगणनेसाठी पायी गेलेल्या एका महिला वनरक्षकाले तिनंच मारलं. जिप्सीतून पाहिलं तं वाघ तुमाले पाहात नाही, तुमी त्याच्यासाठी मोठ्या डब्याचा भाग असता. खाली उतरलं का हिशेब बदलते.

गाईड "हात बाहेर काढू नका" म्हणते तवा त्याच्या डोक्यात हे सगळं असते. बोलत नाही थो.

मनीमाऊ | मंगळवार, सकाळी ११:०५

आत्ता कळलं, चार वर्षांच्याला नेणार नाही. सासूबाई तयार आहेत, त्या म्हणतायत मला एकटीला पाठवा.

खडूस काका | मंगळवार, दुपारी १२:००

सासूबाईंना माझा नंबर द्या.

सुरपारंबी | मंगळवार, रात्री ९:३०

दोन दिवसांत इतकं शिकायला मिळालं, जायच्या आधी हा धागा काढायला हवा होता.

बीटगार्ड काका, बक्षिसीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून जरा बोचलं. कारण खरं सांगायचं तर कान दाखवणाऱ्यालाही आम्ही पाचशे दिले होते, सवयीने, सगळे देत होते म्हणून. अस्वलवाल्याला बाबांनी स्वतः उतरून, काठी टेकत जाऊन दिले, किती ते सांगत नाहीत. गाईड म्हणाला, "आजोबा, वाघ तर नाही दाखवू शकलो." बाबांनी त्याला नाव विचारलं आणि लेकीच्या वहीत अस्वलाच्या चित्राखाली त्याच्याच हाताने लिहून घेतलं. तो लाजला, पण लिहिलं.

चौथ्या सफारीबद्दल काही लिहिलं नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं फारसं नाही. कोळसुंद्यांची (रानकुत्र्यांची) शीळ ऐकली, कोळसुंदे दिसले नाहीत. एक भेकर. भरपूर धूळ.

लेन्सकॅप | मंगळवार, रात्री ९:५०

एक शंका. पहिल्या पोस्टमध्ये लेकीच्या चित्रात कानात "पांढरा डोळा" आहे असं लिहिलंय. तो नक्की कानातच आहे का? गोल, एकच, काळ्या भागाच्या मधोमध?

सुरपारंबी | मंगळवार, रात्री १०:०५

हो. आत्ता वही समोर आहे. डोळा म्हणावा तर त्यात बुबुळ नाही, नुसता पांढरा ठिपका. का?

लेन्सकॅप | मंगळवार, रात्री १०:१०

मग तो डोळा नाही. वाघाच्या कानाची मागची बाजू काळी असते आणि तिच्यावर मधोमध पांढरा ठिपका असतो. समोरून तो दिसत नाही, फक्त पाठीमागून दिसतो. तुमच्या लेकीने अगदी बरोबर काढलंय, आपण मोठ्यांनी चुकीचं वाचलं.

निवृत्त बीटगार्ड | मंगळवार, रात्री १०:१८

बरोबर आहे. म्हणजे अठरा गाड्यांकडे त्याची पाठ होती.

सुरपारंबी | मंगळवार, रात्री १०:४०

लेक झोपली नव्हती. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी सांगत होते ना, डोळा नाहीये, तुम्ही ऐकतच नव्हता." मग उठून पेन्सिल घेतली आणि चित्राखाली लिहिलं: वाघ (जाताना).